अकराव्या रिंगला

एप्रिल संपत आला होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी नाशिकहून आईला फोन लावला. तसा काही विषय नव्हता, यंदा लोणच्यासाठी मोहरीची डाळ कुठून आणायची एवढंच विचारायचं होतं. मोबाईल स्पीकरवर टाकून मी ओट्याशी भेंडी पुसत होते आणि मनातल्या मनात रिंगा मोजत होते. ही माझी जुनी सवय. लँडलाईनची रिंग म्हणजे ट्रिंग-ट्रिंग आणि मग दोन सेकंद शांतता, सगळी मिळून साधारण तीन सेकंदांची एक. तिसऱ्या रिंगला तिला ऐकू आलं असेल, पाचव्याला हात पदराला पुसले असतील, सातव्याला ती स्वयंपाकघरातून निघाली असेल, नवव्याला माजघर. अकराव्या रिंगला फोन उचलला गेला पण हॅलो काही आलं नाही. नुसता श्वास. मोठा, तुटक, धाप लागलेला. मग थोड्या वेळानं, "बोल वं माय." काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही, वाड्यात होती मी, कुरडया उलट्या करू राहिली होती. मोहरीच्या डाळीचं बोलणं झालं, फोन ठेवला. चार दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं की आईच्या पायाचा अंगठा फुटलाय, नख काळंनिळं पडलंय, चप्पल घालता येत नाहीये. माजघराच्या उंबऱ्याला ठेच लागली होती. माझा फोन घ्यायला पळताना.

मोहरीच्या डाळीसाठी.

ते डोक्यातून जाईना. आई आता ७४ वर्षांची आहे, यावल तालुक्यात आमचं गाव, घर जुनं धाब्याचं, समोरून मागपर्यंत लांबलचक. ओटा, बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि मग मागचा वाडा, जिथं पूर्वी गुरं असायची आणि आता तिचे पापड-कुरडया, शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड. फोन माजघरातल्या कोनाड्यात. म्हणजे ती दिवसभर जिथं असते तिथून फोनपर्यंत दोन उंबरे आणि एक पायरी. भाऊ सुरतेला असतो, त्याला सांगितलं तर तो म्हणाला अगं मग मोबाईल दिलाय ना तिला, तो जवळ ठेवत जा म्हणावं. दिलाय की. बटणांचा आहे, कपाटात साडीच्या घडीखाली ठेवलेला असतो. आणि खरं सांगायचं तर त्या घरात मोबाईल नीट चालतच नाही. मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडाचे सरे आणि त्यावर मातीचं धाबं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा याच भिंती घर गार ठेवतात, आणि याच भिंती मोबाईलची रेंज आत येऊ देत नाहीत. मोबाईलवर बोलायचं तर ओट्यावर जाऊन उभं राहायचं, तेही उन्हात.

शिवाय तो नंबर. ०२५८५ च्या पुढचे ते सहा आकडे आमच्या सगळ्या नात्यागोत्याला पाठ आहेत. फैजपूरच्या आत्याला, भुसावळच्या मामांना, सुरतेला गेलेल्या गावच्या पोरांना. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा दोन दिवस तो फोन खाली ठेवता आला नव्हता. मुलगी बाळंत झाली की पहिला फोन त्या नंबरवर, कोणी अॅडमिट झालं की त्या नंबरवर. तो बंद करून टाक असं सांगायची माझी हिंमतच नाही. म्हणून मग ठरवलं की बिनवायरचा कॉर्डलेस घ्यायचा. फोन तोच, नंबर तोच, फक्त तिला पळावं लागू नये.

आमच्याकडे फोन आला १९९३ साली. त्याआधी कितीतरी वर्षं अण्णांचं नाव यादीत होतं. गावात ग्रामपंचायतीमागच्या खोलीत छोटं एक्सचेंज बसलं तेव्हा कुठे लाईन मिळाली. पुढे मी वाचलं की १९८४ मध्ये सी-डॉट नावाची सरकारी संस्था निघाली आणि तिनं खास खेड्यांसाठी १२८ लाइनींचं एक्सचेंज बनवलं, ज्याला एसी लागायचा नाही, जे धुळीत आणि उन्हात चालायचं. वाचताना मला एकदम ती खोली आठवली, पत्र्याचं दार आणि आतून येणारी बारीक गुणगुण, आम्ही शाळेतून येताना दाराला कान लावून ऐकायचो. अण्णांना फोन हवा होता तो केळीच्या भावासाठी. सावद्याला, रावेरला आज काय भाव फुटला, गाडी भरायची की दोन दिवस थांबायचं, हे सकाळी सात वाजता कळलं तर माल वाचायचा. केळी काही थांबत नाही. घड उतरवायला आला की आला. सकाळी सातला अण्णा कोनाड्याजवळ लाकडी स्टुलावर बसून आकडे लिहून घ्यायचे, कागद नसला तर भिंतीवर, शिसपेन्सिलीनं. कोनाड्याच्या डाव्या बाजूला ते आकडे अजून आहेत. आई दर दिवाळीला भिंत पोतारते पण तेवढा वीतभर तुकडा सोडून.

पण फोन खरा वापरला आईनं. आणि स्वतःसाठी नाही. गल्लीत तो पहिलाच फोन, त्यामुळे आमचा नंबर निम्म्या गल्लीचा पीपी नंबर झाला, म्हणजे शेजाऱ्याकडून बोलावून घ्यायचा नंबर. लोक लग्नाच्या पत्रिकेवर छापायचे, अर्जावर लिहायचे, पुढे पीपी. कोणाचा मुलगा सैन्यात, कोणाची मुलगी अंकलेश्वरला दिलेली, कोणाचा नवरा सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात. फोन यायचा, आई उचलायची, "थांब रे भाऊ, बोलावते," आणि पदर खोचून पळत सुटायची. पळायची म्हणजे खरंच पळायची. कारण समोरचा एसटीडी बूथमध्ये उभा असायचा आणि त्याच्यासमोर लाल आकड्यांचं मीटर पळत असायचं. आधी थोडे दिवस ती चालत जायची, मग एकदा सैन्यातल्या त्या मुलानं आईशी दोनच शब्द बोलून फोन ठेवला, पैसे संपले म्हणाला. त्या काकू आमच्या माजघरात रिसीव्हर हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. त्या दिवसापासून आई पळायला लागली. रात्री दर पाव व्हायचा म्हणून फोन जास्त करून रात्रीच यायचे, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या पायांचा आवाज ऐकायचे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आधी धप धप, मग ओट्याच्या फरशीवर चट चट, मग गल्लीत लांब जाणारा तिचा आवाज, "ओ वहिनी, फोन आलाय तुमचा". नुसत्या आवाजावरून कळायचं की आज कोणाच्या घरी जातेय.

अंगठ्याचं कळल्यावर मी फोनवर तिच्यावर चिडले. म्हटलं आई, वाजू दे ना, मी परत लावीन, पळतेस कशाला? ती म्हणाली, "समोरच्याचं मीटर पडतं ना वं."

आता कुठलं मीटर. माझ्या मोबाईलला महिन्याचं रिचार्ज मारलं की कितीही बोला. हे तिला मी चार-पाच वेळा तरी समजावून सांगितलंय आणि तिला ते कळत नाही असंही नाही, पण पायांना कळत नाही.

तर कॉर्डलेस. सुट्टीत माहेरी गेले तेव्हा एक दिवस काढून जळगावला गेले, गोलाणी मार्केटला. चार दुकानं फिरले. मोबाईलचे कव्हर, चार्जर, काचा, सगळीकडे झगमगाट, आणि लँडलाईनचा फोन विचारला की पोरं एकमेकांकडे बघायची. ताई, आता कोण घेतं? पाचव्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी मागच्या खोलीतून तीन-चार खोकी काढली, पॅनासॉनिकची, बीटेलची, धूळ फडक्यानं पुसली आणि किंमत सांगायच्या आधी विचारलं, "फोन कोणासाठी आहे?" मला फार बरं वाटलं त्या प्रश्नानं. मी सगळं सांगितलं, घर कसं आहे, भिंती कशा, आई कुठे असते. मग त्यांनी निवांत बसून सांगितलं. खोक्यावर लिहिलेलं असतं की घरात ५० मीटर आणि मोकळ्यावर ३०० मीटर, ते विटांच्या फ्लॅटसाठी धरा, मातीच्या भिंतीत त्याचं निम्मं पण मिळणार नाही. डेक्ट, म्हणजे कॉर्डलेसची नवी पद्धत, असं लिहिलेलाच घ्या, तो १.९ गिगाहर्ट्झवर चालतो त्यामुळे वायफायच्या मध्ये येत नाही, जुने २.४ वाले खरखरायचे. बॅटरी कुठली आहे ते बघा. यात साध्या दोन ट्रिपल ए निकेल-मेटलवाल्या चार्जिंगच्या पडतात, दोन-तीन वर्षांनी कुठेही मिळतील, पण एखाद्या मॉडेलची वेगळी चपटी बॅटरी असते, ती गेली की फोनच गेला. स्पीकर आहे का, आवाज किती मोठा होतो, आणि बेसवर, म्हणजे हँडसेट ज्यात ठेवतात त्या बैठकीवर, शोधायचं बटण आहे का. दाबलं की हँडसेट वाजतो, म्हातारं माणूस कुठे ठेवून विसरलं तर सापडतो.

मी एकेक हँडसेट हातात घेऊन बघितला. एक फार गुळगुळीत होता, चकचकीत काळा, पिठाच्या हातातून सुटेल असा. एकाची बटणं सपाट, डोळे मिटून बोट फिरवलं तर पाच कुठे आणि आठ कुठे काही कळेना. आईच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं आणि उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी डोळे मिटूनच सगळी बटणं दाबून बघत होते, दुकानात लोक बघत होते पण इलाज नव्हता. शेवटी एक पांढरा घेतला. उंच रबरी बटणं, पाचच्या बटणावर छोटा टिपका, मागची बाजू जरा खरबरीत, आकडे मोठे आणि मागून नारिंगी उजेड. त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं की ० ते ४० अंश तापमानात वापरावा. मी ते गृहस्थांना दाखवलं. ते म्हणाले, "आपल्याकडे मग मे महिन्यात माणसानं पण वापरू नये." पण धाब्याच्या घरात गार असतं, चालेल, उन्हात राहू देऊ नका एवढंच.

घरी आणल्यावर पहिला वाद कोनाड्याचा. आईला बेस कोनाड्यातच हवा होता, फोनची जागा ती, तिथे क्रोशाचा रुमाल आहे, वही टांगलेली आहे. पण कोनाडा म्हणजे तिन्ही बाजूंनी माती. बेस तिथे ठेवून मी हँडसेट कानाला लावून मागे निघाले, पलीकडे भाऊ बोलतच होता, स्वयंपाकघरापर्यंत ठीक, वाड्याच्या दारात आवाज तुटायला लागला आणि धुण्याच्या दगडापाशी टुक टुक टुक होऊन गेलाच. ती जिथं जास्त असते नेमकी तीच जागा. मग स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर बेस ठेवला, लोणच्याच्या बरण्या सरकवून. परत चालले. दगड, शेवगा, मागची भिंत, सगळीकडे भावाचा आवाज स्वच्छ. मी मागच्या भिंतीला हात लावून उभी होते आणि भाऊ म्हणाला, अगं मागे कोकीळ ओरडतेय का? हो म्हटलं. तो म्हणाला, मी पण ऐकली. तो दोन वर्षांत घरी आला नव्हता.

जुना फोन काढायचा नाही हे मात्र माझंही मत होतं. आमची तांब्याची केबल रस्त्याच्या खोदकामात इतक्या वेळा तुटली की शेवटी मागच्या वर्षी फायबर घेतलं, नंबर तोच ठेवून. पूर्वी लाईट गेली तरी फोन चालायचा कारण एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा करंट त्याच तारेतून घरापर्यंत यायचा, म्हणून तर पावसाळ्यात सगळं गाव अंधारात असताना आमचा फोन जिवंत असायचा. फायबरमधून नुसता प्रकाश येतो. काचेतून करंट येत नाही. लाईट गेली की भिंतीवरचा डबा बंद आणि फोनही मुका. आणि कॉर्डलेसच्या बेसला तर स्वतःची वेगळी वीज लागतेच. म्हणून फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, दोन-अडीच तास निघतात, आणि त्याच डब्यातून जोड काढून जुना वायरचा फोन कोनाड्यात तसाच ठेवला. कॉर्डलेसचा अॅडॉप्टर वेगळ्या व्होल्टचा, तो त्या यूपीएसवर चालत नाही. म्हणजे लाईट असताना दोन्ही वाजणार, नसताना फक्त जुना. नंबर भरताना प्रत्येक मोबाईल नंबरच्या आधी शून्य टाकला, २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाईलला शून्य लावल्याशिवाय फोन लागत नाही, आणि आई अजूनही विसरते, मग ती रेकॉर्ड केलेली बाई काहीतरी सांगते आणि आई तिला "बरं बरं" म्हणून फोन ठेवते.

एवढं सगळं बघून घेतलं, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. साडीला खिसा नसतो.

हँडसेटच्या मागे पट्ट्याला अडकवायची क्लिप होती. कुठला पट्टा? आईनं तो कमरेला खोचून बघितला, वाकली की सटकायचा. पदरात बांधला तर पदर ओढला जायचा. दोन दिवस तिनं प्रयत्न केला आणि मग हँडसेट फळीवर बेसमध्ये ठेवून दिला, वाजला की हातातलं टाकून यायची, पूर्वीसारखंच, फक्त एक उंबरा कमी. मला रडू यायचं बाकी होतं. विचारलं तर म्हणाली, "वस्तू जागेवर बरी, चार्जिंग पण होतं." मी नाशिकला परत आले. मग एक दिवस तिनंच सांगितलं, ओटीत आलेलं ब्लाऊज पीस होतं, त्याची पिशवी शिवली, जुन्या चंचीसारखी, तोंडाला नाडी. माझी आजी पानसुपारीची चंची कमरेला लावायची तशीच आता ही फोन लावते. सुट्टीत मी ती पिशवी बघितली. जांभळं कापड, आतून जुन्या धोतराचं अस्तर म्हणजे घाम लागू नये, आणि वरच्या बाजूला काजाच्या टाक्यानं शिवलेलं एक बारीक भोक. हे कशाला? तर म्हणाली त्यातून लाल लाईट दिसतो ना, बॅटरी संपली का ते कळतं.

आता ती दुसऱ्या रिंगला फोन उचलते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी गडबडलेच, काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की त्या अकरा रिंगांच्या अर्ध्या मिनिटात मी रोज त्या घरातून चालत असायचे. वाड्यातून स्वयंपाकघर, पायरी, उंबरा, माजघरातला तो गार अंधार, तिच्या मागे मागे. आणि खरं तर आपल्याला जी रिंग ऐकू येते ती तिच्या घरातली नसतेच, ती एक्सचेंजकडून आपल्याला ऐकवतात, तिची घंटा वेगळी वाजत असते. म्हणजे इतकी वर्षं मी जे ऐकत होते त्यात घरातला एकही आवाज नव्हता. आता आहेत. आता ती बोलता बोलता नळ सोडते, चिमण्यांना हाड करते, शेंगदाणे कुटते. कधी कधी मला वाटतं अगं जरा बस ना, पूर्वी कशी स्टुलावर बसून बोलायचीस, सगळं लक्ष माझ्याकडे, मधल्या शांततेत सुद्धा तू तिथंच असायचीस. आता अर्धं बोलणं मला आणि अर्धं कुरडयांना. आणि कधी कधी तिनं फोन दगडावर ठेवून "थांब हं" म्हटलं की मी नुसती वाड्यातले आवाज ऐकत बसते, वारा असला तर शेवग्याच्या वाळक्या शेंगा एकमेकींवर आपटल्याचा आवाज येतो, तो मी लग्नानंतर ऐकलाच नव्हता.

परवा संध्याकाळी अशीच बोलत होते. ती अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, सांगत होती, यंदा कोण कोण लेकी माहेरी येणार, झोका कुठे बांधायचा, आणि मधेच टुक होऊन फोन कट झाला. लाईट गेली असणार. मी परत लावला. आता कोनाड्यातलाच वाजणार होता. एक. दोन. मी मोबाईल कानाला घट्ट धरला होता. चार. वाड्यातून निघाली असेल, अंधारात. पाच, सहा. स्वयंपाकघराची पायरी. सात, आठ, नऊ. उंबरा. उंबरा, आई. दहा. अकरा. बारा. माझ्या तळहाताला घाम आला. तेराव्या रिंगला रिसीव्हर उचलल्याचा तो जुना खट् असा आवाज आला, मग स्टूल ओढल्याचा, मग ती नीट बसल्याचा.

"चालत आली वं," ती म्हणाली. "हं, तर काय सांगत होती मी..."